मधला आवाज

कोणताही नवा आवाज ऐकायचा असला की द्वारकाताई स्पीकरकडे पाठ करून बसायच्या. खुर्ची भिंतीकडे वळवायच्या, हनुवटी जराशी वर उचलायच्या आणि आवाज सुरू झाला की हळूच विचारायच्या, "कोण हाय?" आवाज चांगला की वाईट, जाड की पातळ, हे सगळं नंतर. आधी कोण. दारावर थाप पडल्यावर घरातल्या बाईनं आतून विचारावं, तसा तो प्रश्न असायचा.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही पाठमोरंच. शहरातल्या गारखेड्यात एका बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आमची छोटीशी कंपनी होती. गिटारचे जुने अॅम्प्लिफायर मोजायचे, त्यांचं गणित संगणकात बसवायचं आणि तो आवाज जेवणाच्या डब्याएवढ्या पेटीत भरून विकायचा, हा तिथला धंदा. पेटीला गिटार जोडली की वाजवणाऱ्याला वाटावं, आपल्यामागे जुना भलाथोरला अॅम्प उभा आहे. तिथं प्रोग्राम लिहायला आणि गिटार वाजवायला एकच माणूस हवा होता, म्हणून मला बोलावलं होतं. मी लग्नाच्या ऑर्केस्ट्रात वाजवून हात तयार केलेला. आलं तेवढं सगळं वाजवून दाखवलं.

भिंतीकडे तोंड केलेल्या बाई म्हणाल्या, "कोण हाय?"

"मी संदीप."

"तू नाय रे. वाजतंय ते कोण हाय?"

त्या वळल्या. कपाळावर मोठं कुंकू, साडी साधी, पायात मात्र पुरुषी बूट. "लई बोलतंय," त्या म्हणाल्या. "एक सूर धर. मेंढरू एका हाकेला येतं, भाषणाला येत नाय."

नोकरी मिळाली. पुढं कितीतरी वर्षं मी त्यांच्यासाठी एक सूर धरून बसलो.

त्यांचं घर मूळचं लासूर स्टेशनकडचं, मेंढपाळाचं. वडील आणि धाकटा भाऊ भानुदास कळप घेऊन रानोमाळ फिरायचे, आणि द्वारकाताईंना शाळेसाठी लासूर स्टेशनला मावशीकडे ठेवलेलं. डिप्लोमा करून त्यांनी आधी टीव्ही दुरुस्त केले, मग कारखान्यात सर्किटं तपासली, मग आमच्याकडे आल्या. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायच्या, "येळच मिळाला नाय." संगीताची त्यांना अजिबात आवड नव्हती. गाणं लागलं की उठून जायच्या. "मला गाणं कळत नाय, आवाज कळतो," असं अगदी ताठ्यानं सांगायच्या आणि गाणं कळणाऱ्यांविषयी त्यांचं मत फारसं चांगलं नव्हतं.

अॅम्पच्या तोंडावर तीन नॉब असतात: ट्रेबल, मिडल, बास, म्हणजे बारीक, मधला आणि जाडा आवाज. मी इतकी वर्षं ते फिरवत आलो होतो आणि आवाज नॉबमध्येच असतो अशी माझी समजूत होती. ताईंनी एक जुना अॅम्प उघडून नॉबच्या मागचे कपॅसिटर दाखवले. एखादा चिंचोक्याएवढा, एखादा गोळीच्या चॉकलेटएवढा. "नॉब सांगतो किती," त्या म्हणाल्या. "कुठं, ते हे सांगतात." मग त्यांनी मेंढ्या कोंडायच्या जाळीचं उदाहरण दिलं. "बारीक जाळीतून कोकरू सुटतं, मेंढा सुटत नाय. लहान कपॅसिटर तसाच. बारीक आवाज पलीकडं जाऊ देतो, जाडा अडवतो. जाळी थोडी मोठी कर, मधलेबी निघायला लागतील." तिन्ही कपॅसिटर एकमेकांशी असे काही गुंतलेले असतात की खालचा आवाज आणि वरचा आवाज उंच राहतो आणि मध्ये खड्डा पडतो. गिटारला तो खड्डा शोभतो. म्हणून अॅम्प बनवणारे तो मुद्दाम ठेवतात.

"पण माणसाचा आवाज बरोबर त्या खड्ड्यात ऱ्हातो," ताई म्हणाल्या. "हाक मारतो ना आपण, ती तिथनंच निघते."

खऱ्या अॅम्पमध्ये हा खड्डा हलवायचा तर डाग द्यायच्या कावीयानं जुना कपॅसिटर उपटून नवा डकवावा लागतो. आमच्या पेटीत कपॅसिटर नव्हताच, त्याच्या जागी एक आकडा होता. आकडा बदलला की जाळी बदलली. कुणी कधी बनवलाच नाही अशा अॅम्पचा आवाज आम्ही बसल्या जागी काढू शकत होतो. मला त्याची गंमत वाटायची. ताईंना वाटायची नाही. "जे जन्मलंच नाय त्याला बोलायला लावू नये फार," असं त्या एकदा चहा पिता पिता म्हणाल्या आणि लगेच दुसरा विषय काढला.

भानुदासची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, तीही तुटक तुटक. पहिल्या मोठ्या दुष्काळात वडील आधीच वारलेले होते, कळप भानुदासच्या एकट्याच्या अंगावर होता. चराईची रानं प्लॉटिंगवाल्यांनी तारा ठोकून बंद केलेली. "डोंगराकडं जातो, तिथं पाला तरी गावंल," असं आईला सांगून तो निघाला. काही दिवसांनी मेंढ्या आपल्या आपण परत आल्या. कुत्रं आलं. तो आला नाही. नातेवाइकांनी डोंगर पालथा घातला, पोलिसांत खबर दिली, एसटी स्टँडवर, दवाखान्यांत विचारलं. मग पाऊस आला, रानं हिरवी झाली आणि शोध आपोआप थांबला. उरलेल्या मेंढ्या विकून ताईंनी आईला मुकुंदवाडीला आणलं, स्टेशनजवळच्या आपल्या दोन खोल्यांत. म्हातारी उंबऱ्यात बसून राहायची आणि दाराला कडी लावू द्यायची नाही. दिवस घालायचं नाव काढलं की म्हणायची, "आला नाय म्हंजी गेला असं नाय."

"हाक कशी होती त्याची?" मी विचारलं होतं.

"त्याची? नाकातनं. शेवटाला लांबवायचा. मी मावशीच्या अंगणात आसले तरी मला वळखू यायची. वडलांची जाड, याची अशी..." त्यांनी हात पुढं केला, जणू पलीकडच्या बांधावरची वस्तू उचलायची आहे, आणि तो तसाच खाली घेतला. हाक मात्र मारून दाखवली नाही.

दुसरा दुष्काळ आला तेव्हा शहर चहूकडून वाढत होतं. गारखेड्यात आमच्या बंगल्याच्या दोन्ही बाजूंना इमारती उठत होत्या आणि प्रत्येक इमारतीच्या पायाशी बोअरचं मशीन सकाळपासून जमिनीत घुसत असायचं. पाणी लागायचं नाही, पांढरी धूळ उडायची. टँकर आला की रस्त्यावर भांड्यांचा खणखणाट व्हायचा. या सगळ्या कल्लोळात आवाज मोजायचे म्हणजे वैताग. मशीन थांबायची वाट बघत आम्ही खिडक्या लावून उकाड्यात बसून राहायचो.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे एक अॅम्प आला. छावणी भागातल्या एका कुटुंबातले वयस्कर काका वारले होते, ते ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. अॅम्पला कंपनीचं नाव नव्हतं, कुणीतरी हातानं जुळवलेला, आत जुन्या रेडिओत असायचे तसे काचेचे व्हॉल्व्ह. आमचे मालक विवेक सर यांना त्याचा आवाज फार आवडला. ताईंनी तो उघडून एकेका कपॅसिटरचा एक पाय सोडवून मोजला. वर छापलेला आकडा एक होता आणि मोजल्यावर भलताच निघत होता. "कागदावरचं वय येगळं, अंगातलं येगळं," ताई म्हणाल्या आणि अंगातलं वय मला लिहून घ्यायला लावलं. काही दिवसांत मॉडेल तयार झालं. डोळे मिटून ऐकलं तर खरा कोणता आणि गणितातला कोणता, मला सांगता येईना.

तिथंच थांबायचं होतं. पण ताई आकडे सरकवून बघायला लागल्या.

भर दुपार होती. विवेक सर बाहेर गेलेले. मी गिटारच्या तिसऱ्या तारेवर एकच सूर धरला होता, सुरुवातीला जरा खालून वर ओढत. ताई भिंतीकडे तोंड करून, मांडीवर कीबोर्ड घेऊन ट्रेबलचा कपॅसिटर थोडा थोडा मोठा करत होत्या. खड्डा खाली सरकत होता. गिटारचा आवाज नाकात जायला लागला. तेवढ्यात शेजारचं बोअरचं मशीन एकदम थांबलं. अशी शांतता पडली की पंख्याची घरघरसुद्धा मोठी वाटली. मी पुन्हा सूर धरला आणि त्या सुरातून "यो" असं निघालं. लांबवलेलं, शेवटाला पातळ होत गेलेलं.

ताईंनी "कोण हाय" असं विचारलं नाही.

"परत," त्या म्हणाल्या.

मी परत तार छेडली. या वेळी तर शंकाच नव्हती. कुणीतरी पुरुष लांबून हाक मारत होता. भानुदासला मी कधी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. तरी मला एवढं पक्कं कळलं की तो आम्हाला बोलवत नाहीये. आमच्या पलीकडं कुणाला तरी बोलवतोय आणि आम्ही मध्ये बसलोय.

"भानुदास," ताई म्हणाल्या. अगदी साध्या आवाजात, दारात आलेल्या माणसाला म्हणावं तसं.

मी गिटार खाली ठेवली. ताईंनी मला समजावलं. खरं तर त्या स्वतःलाच समजावत होत्या. "यात भूतबित काय नाय बरं का. तोंडात दोन ठिकाणी आवाज फुगला की ओ व्हतो, दुसऱ्या दोन ठिकाणी फुगला की आ व्हतो. खड्डा सरकवला, दोन्ही बाजूचे उंचवटे बरोबर त्या जागी आले. येवढंच." बोलताना त्यांनी एका हातानं दुसरा हात घट्ट धरला होता. "खड्डा सरकवला की खड्ड्यातलं वर येतं," त्या पुन्हा म्हणाल्या.

त्या प्रोग्राममधली ओळन् ओळ मी लिहिली होती. मी तो पुन्हा तपासला. त्यात कुणाचा आवाज साठवलेला नव्हता, नुसती गणितं होती. ताईंनी मग आणखी एक गोष्ट केली. मॉडेलमध्ये जो आकडा आला होता, त्याच मापाचा खरा कपॅसिटर त्यांनी छावणीच्या अॅम्पमध्ये डकवला. मी तोच सूर वाजवला. गिटार ऐकू आली, छान ऐकू आली, पण गिटारच. हाक फक्त त्या अॅम्पमध्ये होती, जो कुठंच नव्हता.

आठवडाभर रोज दुपारी, मशीन थांबलं की, ताई खुर्ची वळवायच्या आणि मी तो सूर धरायचो. मला ते नको वाटायला लागलं होतं. एकदा मी म्हणालो, "ताई, बास करू या का?" त्या भिंतीकडेच बघत म्हणाल्या, "त्यो थांबंना, मी कशी थांबू?" दिवसेंदिवस त्या वाळत चालल्या होत्या. डबा तसाच परत न्यायच्या. शेवटी एका शुक्रवारी त्या म्हणाल्या, "मायला ऐकवते. तिनं नाय म्हणलं तर पुसून टाकू."

रविवारी सकाळी मी गिटार, लॅपटॉप आणि एक लहान स्पीकर घेऊन मुकुंदवाडीला गेलो. ताईंची आई उंबऱ्यात बसली होती. मला "ये लेकरा" म्हणाली आणि कोण, कुठला, काहीही विचारलं नाही. ताईंनी तिला काहीच सांगितलं नव्हतं. स्पीकर जमिनीवर ठेवला. स्टेशनातून एक रेल्वेगाडी धडधडत गेली, तिचा आवाज पूर्ण विरेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी सूर धरला.

म्हातारीच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मला वाटलं, ऐकू आलं नसावं. मग ती म्हणाली, "परत मारायला सांग त्याला." कुणाला, मला की भानुदासला, ते मला कळलं नाही. मी परत वाजवलं.

"लांब हाय," ती म्हणाली.

"माय, वळखलं का तू?" ताई तिच्याजवळ सरकल्या.

"मी वळखणार नाय तर कोण? पर ह्यो डोंगरात नाय गं."

"काऊन?"

"डोंगरात हाक मारली की ती माघारी येती. ही येईना. सरळ चाललीय बघ, घसरत. पाण्यावरनं हाक आशी येती."

"त्यो तर डोंगराकडं गेला व्हता."

"निघाला आसंल डोंगराकडं. मेंढरं पाण्याकडं वढतात." म्हातारीनं गुडघ्यावर हात टेकून उठायला सुरुवात केली. "मी तुझ्या बापासंगं फिरले हाय धरणाच्या काठानं. चल. गाडी बघ कुठं मिळती का."

मी त्या हाकेत पाणी ऐकलं नव्हतं. परत नीट ऐकलं. ताईंनी आदल्या दिवशी बासचा कपॅसिटरही हलवला होता. त्यामुळे खालचा आवाज सैल होऊन पसरल्यासारखा झाला होता. त्याचं कारण मी सांगू शकतो. म्हातारीला त्यातून धरणाचा काठ दिसला, याचं कारण मला आजही सांगता येत नाही.

सोमवारी ताईंच्या मामेभावाची जीप घेऊन आम्ही जायकवाडीच्या फुगवट्याकडं गेलो. पाणी कुठल्या कुठं हटलं होतं. जिथं लाटा असायच्या तिथं भेगाळलेला गाळ पसरला होता. मधोमध धरणात बुडालेल्या एका जुन्या गावाच्या भिंती आणि देवळाचा चौथरा उघडा पडला होता. बिनछपराच्या त्या गल्ल्यांतून वारा फिरत होता, पण एक पानही हलत नव्हतं, कारण पानच नव्हतं. माणसांची चाहूल म्हणजे पलीकडं गाळ उपसणारं मशीन आणि शेतात टाकायला तो गाळ नेणारे ट्रॅक्टर.

ताई मशीनवाल्याकडं गेल्या. "इथं काय सापडलं का हो कुणाला? माणसाचं काय?"

तो माणूस ताईंकडं बघत राहिला. मग त्यानं मशीन बंद केलं. "तुम्हाला कुणी सांगितलं? गेल्या आठवड्यात हाडं निघाली ना त्या देवळाच्या खालच्या अंगाला. लई खोल. मेंढराचीबी व्हती, माणसाचीबी व्हती. पोलीस येऊन घेऊन गेले. कुणाची काय, मालूम नाय. एक चांदीचं कडं व्हतं."

गेल्या आठवड्यात. म्हणजे गारखेड्यात पहिल्यांदा "यो" ऐकू आलं तेव्हा. वार, वेळ मी मुद्दाम जुळवत बसलो नाही. ताईंनीही विचारलं नाही. म्हातारी जीपमधून उतरून चौथऱ्यापर्यंत एकटी चालत गेली आणि गाळात एक रुंद, कोरडा खळगा होता त्याच्या काठावर उभी राहिली. तिनं हाक मारली. तिचा आवाज इतका मोठा असेल असं मला वाटलं नव्हतं. ती हाक त्या उघड्या रानावरून सरळ घसरत गेली आणि माघारी आली नाही.

पोलीस ठाण्यात कडं दाखवलं. म्हातारीनं त्यावरून बोट फिरवलं, एका जागी थांबवलं. "इथं दबलंय बघा. मेंढ्यानं टक्कर मारली व्हती तवा." पुढचे तपास झाले, कागद झाले, आणि हाडं ताब्यात मिळाली. काय घडलं असावं याचा अंदाज सगळ्यांना आला. पहिल्या दुष्काळात पाणी हटलं तेव्हा मेंढ्या चिखलात उतरल्या असतील, एखादी रुतली असेल, हा तिला ओढायला गेला असेल. वरून कोरडा दिसणारा गाळ आत ओलाच असतो. हाक मारली असेल, पण कळपाशिवाय जवळ होतं कोण? नंतर पाऊस आला आणि वर पाणी चढलं.

विधी झाले त्या दिवशी मी मुकुंदवाडीला होतो. संध्याकाळी पाहुणे गेल्यावर म्हातारीनं स्वतः उठून दार ओढलं आणि कडी लावली. कडी गंजलेली होती, दोनदा हिसका द्यावा लागला.

विवेक सरांपर्यंत तो आवाज पोचलाच. संगणकात आकडा जपून ठेवलेला होता, त्यांनी वाजवून पाहिला आणि थक्क झाले. त्यांना मागचं पुढचं काही माहीत नव्हतं. "ताई, हा आवाज जगात कुणाकडे नाही. पेटीत एक स्वतंत्र बटण देऊ याला." ताईंनी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी तो सूर पुन्हा एकदा वाजवून ऐकला. मग म्हणाले, "मला वाईट वाटतं. पण ऐकणाऱ्याला ते कळणार नाही ना. त्याच्यासाठी तो फक्त आवाज आहे."

"म्हणूनच नाय," ताई म्हणाल्या. "हाक घरी पोचली, सर. आता ती दुसऱ्यांच्या दारात कशाला?" आणि त्यांच्यादेखत तो आकडा पुसून टाकला. विवेक सर चिडले, दोन दिवस बोलले नाहीत. पेटी त्या बटणाशिवाय बाजारात गेली. ताई नोकरी सोडायच्या तयारीनं डबा, बूट, मल्टिमीटर पिशवीत भरून बसल्या होत्या, पण सरांनी काही म्हटलं नाही.

नंतर कंपनी पुण्याला गेली. मी गेलो, ताई आईमुळे शहरातच राहिल्या. फोन व्हायचे. त्या नेहमी आधी विचारायच्या, "सूर धरतो का, का परत बडबड करतो?" मग त्यांचा आवाज बसायला लागला. बोअरच्या धुळीनं झालं असेल, असं त्या म्हणत राहिल्या. तपासण्या झाल्या तेव्हा घशातला रोग बराच पुढं गेलेला होता. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढावं लागलं.

मी भेटायला गेलो तेव्हा त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. गळ्याला पांढरं फडकं. बोलायला गेल्या तर ओठांतून नुसती हवा निघायची. मी ओठ वाचायचा प्रयत्न करत होतो आणि ते मला जमत नव्हतं. त्या चिडल्या, मग हसल्या, आवाज न करता. मग ओठांपुढं बोट धरून सावकाश एकेक शब्द म्हणाल्या. "मधलं गेलं रे. ट्रेबल उरलाय." मी हसलो. त्यांनाही तेच हवं होतं. म्हातारी खाटेच्या पायथ्याशी बसून आमच्याकडं बघत होती. तिचे कान तोवर बरेच गेले होते आणि लेकीच्या ओठांतली ती सळसळ तिच्यापर्यंत पोचतच नव्हती. जाताना ताईंनी माझा हात धरला, बोटांच्या टोकांवरचे तारांचे घट्टे चाचपून पाहिले आणि मान डोलावली.

उन्हाळा सरायच्या आत त्या गेल्या. मला उशिरा कळलं. मुकुंदवाडीला पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. एक भाची म्हातारीपाशी राहत होती, तिनं पाणी दिलं आणि आत निघून गेली. म्हातारी उंबऱ्यात नव्हती, आत भिंतीशी बसली होती. मी पाया पडलो. तिनं माझ्या पाठीवरची गिटार चाचपली.

"आणलंय व्हय," ती म्हणाली. "तिला बी बोलाव."

मी जोरात सांगितलं, "आजी, तसं नसतं ते. तेव्हाचा आकडा ताईंनी पुसून टाकला. आणि तो भानुदासचा होता."

"हिचा हुडक."

"मला नाही येत तसं."

"तिला बी येत नव्हतं. हुडकला तिनं." तिनं माझ्या मनगटावर हात ठेवला. हात थंड होता. "जाताना बोलली नाय रे माझ्यासंगं. तोंड हलवायची नुसतं. काय म्हणली आसंल?"

मी नाही म्हणू शकलो असतो. लॅपटॉप उघडला, छावणीच्या अॅम्पचं जुनं मॉडेल काढलं, स्पीकर तिच्या कानाजवळ ठेवला. तिसरी तार धरली. एका हातानं तार छेडायची, दुसऱ्यानं आकडा थोडा सरकवायचा, परत छेडायची. ट्रेबलची जाळी मोठी केली, लहान केली. खड्डा खाली गेला, वर आला. आवाज नाकात गेला, पोकळ झाला, पत्र्यासारखा झाला. कुठंही गिटारशिवाय काही नव्हतं. मी मनातल्या मनात तिला सांगायचे शब्द जुळवत होतो.

"थांब," म्हातारी म्हणाली.

मी आकड्यावरचा हात काढला आणि पुन्हा तार छेडली. ती भिंतीला टेकली. चेहऱ्यावरचे स्नायू एकेक करून सैल झाले.

"व्हय," ती म्हणाली. मग थोडं थांबून, "नाय, तरास काय नाय. भाची करती समदं." पुन्हा थांबली, मान हलवली. "जेवले. भाकर व्हती. तू?" आणि मग कितीतरी वेळ ती नुसतीच ऐकत राहिली, मधूनच हुंकार देत, एकदा तर पदर तोंडाला लावून हसली.

मी कान दिले. मला तारेशिवाय काहीच ऐकू येत नव्हतं. सूर विरायला लागला की ती घाबरून माझ्याकडं बघायची. मी परत तार छेडायचो. बोटं दुखायला लागली, स्टेशनातून एक गाडी येऊन गेली, ऊन भिंतीवरून खाली उतरलं. मी सूर सोडला नाही.